खाऱ्या पाण्याची टाकी: लाइट गेली की फिल्टरचं काय?

मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, तिथे समुद्र दाराशीच. मी राहतो आरे कॉलनीत. इथे 400 लिटरच्या टाकीसाठी समुद्र घरीच कालवायचा: आरओच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम, म्हणजे 14 किलो सागरी मीठ. स्वयंपाकघरातलं नाही हं!

आता फिल्टर. मशीन पाणी फिरवतं, पण खरं काम आतल्या सच्छिद्र दगडांवरचे जिवाणू करतात. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून विषारी अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातकच, आणि मग त्याचं बरंच सौम्य नायट्रेट. ही वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे नकोत, दुकानदार काहीही म्हणो.

या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. पावसाळ्यात झाड पडून लाइट गेली, की बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत ते मरू लागतात. लाइट आल्यावर तो तसाच सुरू केलात तर सडलेलं पाणी थेट टाकीत! आधी उघडा, टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या. बॅटरीचा एअर पंप घरात हवाच.

मासे निवडतानाही हाच हिशेब. लायनफिशच्या तोंडात मावेल तो मासा त्याचं जेवण, त्यामुळे छोटा क्लाउनफिश त्याच्यासोबत नको. डॅमसेल दिसतो गोड, पण आधी सोडला तर अख्खी टाकी आपलीच समजतो; तो शेवटी सोडा. मार खाऊन दगडामागे मेलेला मासा दिसला नाही, तर अमोनिया पुन्हा चढतो.