पाणी तासावर नको, मापावर घ्या



उपसा योजनेच्या पाळीची भांडणे गट ऑफिसात नेहमी येतात. वरचा म्हणतो, "मी सहाच तास घेतले." टोकाचा म्हणतो, "मलाही सहाच तास मिळाले, पण निम्म्या सऱ्या कोरड्या." दोघेही खरेच बोलतात. तास सारखे असले तरी पाणी सारखे नसते. नदीची पातळी उतरली, पाइप गळाला, फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तासाचे पाणी घटते. पट्टी मात्र तेवढीच पडते.

यावर साधा उपाय म्हणजे ऑरिफिस प्लेट. मधोमध गोल भोक असलेली ही लोखंडी चकती पाइपच्या तोंडाला फ्लँजने बसवितात. पाणी भोकातून मोकळे बाहेर पडले पाहिजे. चकतीच्या अलीकडे 2 फुटांवर पाइपच्या बाजूला, बरोबर मध्यावर बारीक छिद्र पाडून पारदर्शक नळी उभी जोडावी. नळीतले पाणी पाइपच्या मध्यापासून किती उंच चढले ते पट्टीने मोजावे. जेवढा प्रवाह मोठा, तेवढी उंची जास्त.

मात्र येथे एक मेख आहे. उंची दुप्पट म्हणजे पाणी दुप्पट नव्हे. पाणी दुप्पट व्हायला उंची चौपट लागते.

उदाहरण घ्या. 15 सें.मी. व्यासाचा पाइप, 10 सें.मी. व्यासाचे भोक. उंची 40 सें.मी. असेल तर सेकंदाला साधारण 15 लिटर पाणी पडते. उंची 20 वर आली तर प्रवाह साडेसात नव्हे, साडेदहा लिटर होतो. एकराला साडेसात सें.मी. पाणी द्यायचे तर सुमारे 3 लाख लिटर लागते. पहिल्या प्रवाहाला साडेपाच तास पुरतात, दुसऱ्याला जवळजवळ आठ तास. टोकाच्या सभासदाच्या सऱ्या सहा तासांत का भिजत नाहीत, याचे उत्तर हेच.

चकती बसविताना पुढील काळजी घ्यावी.

1. पाइप आडवा, सरळ व पाण्याने पूर्ण भरलेला असावा. चकतीच्या अलीकडे निदान 6 फुटांत बेंड किंवा व्हॉल्व्ह नको.

2. भोकाची पाण्याकडील कड धारदार व काटकोनी असावी, उताराची बाजू बाहेर. कड झिजून गोल झाली की प्रत्यक्ष पाणी जास्त जाते आणि माप कमी दाखविते.

3. भोकात पाला अडकला की उलटे होते. नळीत उंची वाढते, पाणी मात्र कमी पडते. म्हणून माप घेण्याआधी चकती बघा.

4. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

बसविल्यावर एकदा पडताळा जरूर घ्या. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद हौदात 1 मीटर पाणी म्हणजे 6,000 लिटर. सेकंदाला 15 लिटरने तो 6 मिनिटे 40 सेकंदांत भरला पाहिजे. फरक आला तर हौदाचे माप खरे धरून त्याप्रमाणे तक्ता दुरुस्त करावा.

हे माप वरच्या व टोकाच्या सभासदांनी मिळून, पाटकऱ्यासमोर घ्यावे आणि पाळीच्या वहीत तासांशेजारी उंचीही लिहावी. काट्यावर ऊस मोजून देतो, तसे पाणीही मोजून घेऊ या. मापाला वरचा-खालचा कळत नाही.

— ऊस विकास अधिकारी