चिमणी कुठे सापडते? मुलांना शोध घ्यायला शिकवताना

आज आपण तिसरी ते पाचवीच्या मुलांबद्दल बोलू. त्यांना ग्रंथालय वापरायला आणि एखाद्या गोष्टीचा शोध घ्यायला कसं शिकवायचं?

शाळेतून प्रकल्प आला की घरोघरी काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकानातून चित्रांचा तक्ता येतो, आई किंवा बाबा मोबाइलवर माहिती शोधतात आणि मूल ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढतं. वही सुंदर दिसते. पण ‘हे तुला कसं कळलं?’ असं विचारलं की मूल गप्प होतं. मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याला लहानपणी याचं उत्तर द्यायची सवय लागते, ते मूल पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी जरा थांबतं.

आपण एकच उदाहरण घेऊन पायरी पायरीने जाऊ. उदाहरण आहे चिमणीचं.

पहिली पायरी, प्रश्न. ‘चिमणी’ हा झाला विषय. विषयावर दहा ओळी उतरवता येतात, पण शोधायचं काय ते कळत नाही. म्हणून मी मुलांना पाच प्रश्न काढायला सांगते. ती काय खाते? घरटं कुठे बांधते? पिल्लांना काय भरवते? असे प्रश्न येतात. त्यातला एकच ठेवायचा. आपण हा ठेवू: चिमण्या खरंच कमी झाल्या आहेत का?

दुसरी पायरी, शब्द. शोधायचं तर नाव हवं. मराठीत चिमणी, हिंदीत गौरैया, गुजरातीत चकली, कन्नडमध्ये गुब्बच्ची, इंग्रजीत हाउस स्पॅरो. शास्त्रीय नाव मात्र जगभर एकच, पॅसर डोमेस्टिकस. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांकडे दोन-तीन भाषा असतातच. इथे त्या कामाला येतात, कारण एका भाषेत न मिळालेलं दुसरीत मिळतं.

शब्दकोश देतानाही एक काळजी घ्या. हिंदी कोशात अनुस्वाराचे शब्द आधी येतात, म्हणजे ‘अंक’ हा ‘अकड’च्या आधी. ‘क्ष’ तिथे ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये सापडतो. आपण वर्णमालेत ही दोन अक्षरं अगदी शेवटी शिकवतो, म्हणून मूल शेवटची पानं उलटत बसतं. कोश कुठलाही असो, त्याचा क्रम आधी पाहायला शिकवा.

तिसरी पायरी, कपाट. अनेक ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेली दशांश पद्धत असते. तिच्यात पक्षी ५९८ या क्रमांकावर आहेत. पण कोंबडी पाळण्याचं पुस्तक तिथे मिळत नाही, ते ६३६ वर असतं. असं का, हे मुलांनाच विचारा. थोडा वेळ दिला की कुणीतरी म्हणतं, ‘कोंबडी आपण पाळतो!’ बरोबर. ५०० पासून निसर्गाचं विज्ञान, ६०० पासून माणसाने त्याचा केलेला उपयोग: वैद्यक, शेती, पशुपालन. म्हणूनच रानातला वाघ ५९९ मध्ये आणि घरातली मांजर ६३६ मध्ये.

शाळेत एकच कपाट असेल, क्रमांक नसतील, तरी हे करता येतं. चाळीस पुस्तकं जमिनीवर मांडा आणि मुलांना त्यांचे गठ्ठे करू द्या. कुठलं पुस्तक कुठे ठेवायचं यावर भांडण झालं, तर होऊ द्या. त्या भांडणातच वर्गीकरण समजतं.

चौथी पायरी, पुस्तकाच्या आत. पुढे अनुक्रमणिका असते, पुष्कळ माहितीपर पुस्तकांत मागे सूचीही असते. ‘चिमणी’ अनुक्रमणिकेत नसेल, पण सूचीत तिच्यापुढे दोन-तीन पानांचे आकडे मिळतील. तेवढीच पानं वाचायची. मग पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते दोन ओळींत लिहायचं. पुस्तक उघडं असलं की हात आपोआप उतरवून काढतो. ओळींखाली पुस्तकाचं नाव, लेखक आणि पान लिहायचं.

पाचवी पायरी, पडताळणी. ‘मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या संपल्या’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. इथे मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. कोण म्हणतं? कधी म्हटलं? कशावरून म्हटलं? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२० साली आला. देशभरातल्या हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून तो तयार झाला होता. त्यानुसार गेल्या पंचवीसेक वर्षांत देशभरात मिळून चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. टॉवरमुळे ती घटली याला त्यात आधार सापडला नाही. चौथीच्या मुलाला हा अहवाल वाचता येणार नाही. त्यातली दोन वाक्यं शिक्षकाने सोप्या भाषेत सांगावीत.

सोबत मुलांना स्वतः मोजू द्या. सात दिवस, रोज एकाच जागी, एकाच वेळी, पंधरा मिनिटं. त्यातून फक्त आपल्या गल्लीबद्दल, तेही त्या आठवड्यापुरतं, कळतं. साऱ्या देशाबद्दल काही सांगता येत नाही. आपल्या नोंदीवरून किती बोलता येतं आणि कुठे थांबावं लागतं, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या प्रकल्पाच्या शेवटी मुलांकडून दोन ओळी लिहून घ्या: ‘हे मला कुठे मिळालं’ आणि ‘अजून काय कळलं नाही’. सजावटीला जेवढे गुण देता, तेवढेच या दोन ओळींना द्या. दुसरी ओळ मोठ्यांनी पुसू नये. त्या ओळीतून मुलाला पुढचा प्रश्न मिळतो, आणि ते पुन्हा ग्रंथालयात येतं.