खापरखेड्याची चढण आणि भास्कराचार्यांच्या कवड्या

'एक्स्पोनेन्शियल' हा इंग्रजी शब्द हल्ली सभांपासून सरकारी अहवालांपर्यंत इतक्या सढळपणे योजला जातो की, जे जे बेसुमार वाढले ते ते एक्स्पोनेन्शियल, असा समज रूढ होऊन बसला आहे; वस्तुतः गणितशास्त्रात एखाद्या राशीत होणारा बदल प्रतिक्षणी त्या राशीच्याच प्रमाणात होत असेल, तरच त्यास घातांकी म्हणतात, मग तो अतिमंद असो, किंवा निवत जाणाऱ्या तप्त पाण्याप्रमाणे उतरता का असेना.

सावनेर तालुक्यातील खापरखेड्याचे औष्णिक विद्युत केंद्र पाहावे. १९८९ साली तेथे २१० मेगावॅटचा संच सुरू झाला, पाठोपाठ १९९० साली दुसरा, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर २००० व २००१ साली तेवढ्याच शक्तीचे आणखी दोन. म्हणजे २१०, ४२०, ६३०, ८४० ही चढण डोळ्यांत भरणारी खरी, परंतु ती शुद्ध समांतर श्रेढी होय. २०११ साली ५०० मेगावॅटचा पाचवा संच जोडला जाऊन एकूण क्षमता १३४० मेगावॅट झाली, तेव्हा श्रेढी मोडली. पण तेवढ्याने ती वाढ घातांकी ठरत नाही.

घातांकी वाढीचे खरे स्वरूप सह्याद्रीच्या परिसरात राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त एका सुंदर उदाहरणाने दाखवून ठेवले आहे. एक दाता याचकांना पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि पुढे महिनाभर रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे वचन देतो, तर एकूण निष्क किती? वीस हजार चारशे ऐंशी कवड्यांचा एक निष्क, या हिशेबाने पहिल्या दहा दिवसांचे सारे दान निष्काच्या दशांशाहूनही किंचित उणे भरते. वीस दिवसांअखेर ते १०२ निष्कांवर जाते, आणि तिसाव्या दिवशी १,०४,८५७ निष्क ओलांडते, ज्यातील निम्मी रक्कम एकट्या अखेरच्या दिवसाची असते. प्रारंभीची ही क्षुद्रता हेच या वाढीचे सर्वांत फसवे लक्षण आहे, आणि 'झपाट्याने' या रूढ अर्थाने नेमके तेच झाकले जाते, याचा मला खेद वाटतो.

कारण विजेची मागणी दरसाल शेकडा ७ ने वाढत राहिली, तर तो आकडा कागदोपत्री कोणास भयावह वाटत नाही. तथापि त्या दराने मागणी सुमारे दहा वर्षांत दुप्पट आणि पन्नास वर्षांत २९ पट होते, आणि ती भागवावयाची तर संचही त्याच श्रेढीने उभारावे लागतात, त्यांच्या कोळशासह, पाण्यासह आणि राखेसह. तोच दर साडेतीनवर आणता आला, तर दुप्पट होण्यास वीस वर्षे लागतात आणि पन्नास वर्षांची वाढ २९ पटींऐवजी साडेपाच पटींच्या आसपासच राहते.