सामायिक फोल्डरला ७७७ कशाला?

ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर एकाने हिशेबाची फाइल ठेवली. दुसऱ्याला ती उघडते, पण सेव्ह होत नाही. मग कोणीतरी वैतागून अख्ख्या फोल्डरला ७७७ देऊन मोकळा होतो. म्हणजे सर्व्हरवर ज्याचं ज्याचं खातं, त्याला सगळं खुलं!

या आकड्यांत वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. फोल्डरच्या बाबतीत हा १ म्हणजे आत शिरण्याची मुभा. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. तेव्हा ‘हिशेब’ नावाचा गट करा, माणसं त्यात घाला, फोल्डर त्या गटाच्या नावे करा आणि २७७० द्या. या तीन अंकांच्या आधीचा २ महत्त्वाचा: त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते.

एवढं करूनही अडतं ते सांबापाशी, म्हणजे विंडोजला हे फोल्डर दाखवणाऱ्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमपाशी. विंडोजवरून आलेल्या नव्या फाइलवर तो मुळात ०७४४ एवढेच हक्क ठेवतो, गटाला लिहिता येत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ‘क्रिएट मास्क’ ०६६० करा.

आणखी एक. फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नव्हे, फोल्डरवर ठरतो. गटातला कोणीही दुसऱ्याची फाइल उडवू शकतो. तेव्हा बॅकअप रोज घ्याच.