वादळाने किनाऱ्यावर लोटलेला मास्क्ड बूबी

पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्र खवळला, की मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर क्वचित एखादा मोठा, मलूल पक्षी वाळूत बसलेला आढळतो. त्याला बदक वा सीगल समजून कोणी पाव टाकतो, तर कोणी सद्‌भावनेने पुन्हा लाटांत सोडतो. प्रत्यक्षात तो खोल समुद्रावर आयुष्य घालवणारा मास्क्ड बूबी असू शकतो. ओमानजवळच्या हलानियात बेटांसारख्या ठिकाणी त्याची वीण होते. ठरावीक ऋतूत येणारा हा स्थलांतरित नव्हे. दिवसेंदिवस वाऱ्याशी झुंजून थकल्यावर तो जमिनीकडे ढकलला जातो. जून २०२० मधील 'निसर्ग' किंवा मे २०२१ मधील 'तौक्ते'सारखी वादळे अशा समुद्रपक्ष्यांची कसोटी पाहतात.

त्याची ओळख पटवणे वाटते तितके सोपे नाही. प्रौढ पक्षी पांढरा, पंखांची मागची कड व शेपटी काळी, चोच पिवळसर आणि चोचीभोवती काळा मुखवटा. अननुभवी पिल्लू मात्र तपकिरी डोक्याचे असते आणि ब्राऊन बूबीशी त्याची हमखास गल्लत होते. अशा वेळी मान पाहावी. मास्क्ड बूबीच्या पिल्लाच्या मानेभोवती पांढरी पट्टी असते. ब्राऊन बूबीचा तपकिरी रंग मानेवरून छातीपर्यंत अखंड उतरतो. पायाची चारही बोटे पडद्याने जोडलेली असल्याने तो बदक वा सीगल नाही, हे तर तत्काळ कळते.

सर्वांत गंभीर चूक होते ती चोच बांधण्याची. चोचीच्या कडा करवतीसारख्या असून घाबरलेला पक्षी थेट डोळ्यांवर वार करतो, त्यामुळे ती बांधण्याचा मोह होतो. परंतु मासा पकडण्यासाठी उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्या या पक्ष्याला बाहेरून उघडणाऱ्या नाकपुड्याच नसतात. तो चोचीच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. चोच घट्ट बांधली, तर तो गुदमरतो. अंगावर टॉवेल टाकून डोके मागून धरावे, हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे आणि वनविभागाला कळवावे. तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

उपचार केंद्रात छातीचे हाड हाताला किती टोचते, यावरून उपासमारीचा अंदाज घेतात. आधी शरीरातील पाण्याची कमतरता भरून काढली जाते, मासे नंतर. पक्षी खाऊ लागला म्हणजे तो बरा झाला, असे मात्र नाही. हाताळणीने वा तेलाने पिसांचा जलरोधकपणा गेलेला असेल, तर समुद्रात उतरताच तो भिजतो, गारठतो आणि बुडतो. म्हणूनच पिसांवरून पाणी ओघळून जाते का, हे पाहिल्यावरच सुटकेचा निर्णय होतो. सपाट जमिनीवरून उड्डाण त्याला जड जाते. त्यामुळे वादळ ओसरल्यावर, मोकळ्या किनाऱ्यावर वाऱ्याकडे तोंड करून किंवा होडीतून आत नेऊन त्याला सोडतात.