विकास आराखडा म्हणजे काय? नकाशावरचा एक रंग तुमच्या घराचं, शेताचं आणि बागेचं भवितव्य कसं ठरवतो?

शहरात नवा विकास आराखडा जाहीर झाला की काही तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशांचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. 'आपल्या गल्लीतून २४ मीटरचा रस्ता जातोय', 'त्या मोकळ्या मैदानाचं आरक्षण उठवलं', 'आपला गट नंबर पिवळ्यात आला'. कुणी पेढे वाटतं, कुणी वकिलाचा नंबर शोधतं.

या गोंधळात घड्याळ मात्र चालू झालेलं असतं. नागरिकांना म्हणणं मांडण्यासाठी ठरावीक दिवस मिळतात. ते संपले की पुढची वीस वर्षं त्याच नकाशाप्रमाणे परवानग्या दिल्या आणि नाकारल्या जातात.

हा आराखडा कोण बनवतं, झोन आणि आरक्षण यात फरक काय आणि सामान्य माणसाला यात कुठे बोलता येतं, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

आराखडा येतो कुठून?

महाराष्ट्रात शहरांच्या नियोजनाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. सरकारी कार्यालयांत आणि बांधकाम व्यवसायात त्याला सरळ 'एमआरटीपी अ‍ॅक्ट' म्हणतात.

या कायद्यानुसार महापालिका, नगरपालिका किंवा सरकारने नेमलेलं प्राधिकरण हे 'नियोजन प्राधिकरण' असतं. आपल्या हद्दीचा विकास आराखडा, म्हणजेच डीपी, तयार करणं हे त्याचं काम. साधारण वीस वर्षांनी तो सुधारावा लागतो.

सगळ्यात आधी आज कुठे काय आहे, याचा नकाशा बनतो. घरं, दुकानं, कारखाने, शेती, नाले, डोंगर, सगळं त्यात नोंदवलेलं असावं लागतं. हा पाया कच्चा राहिला तर पुढे काय होतं, हे मुंबईने पाहिलंय. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा जाहीर झाला आणि त्यातल्या चुकांवरून शहरभर गदारोळ झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवल्याच्या तक्रारी आल्या. दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून नव्याने काम करायला सांगितलं. सुधारित आराखडा २०१६ मध्ये लोकांसमोर आला आणि राज्य सरकारची मंजुरी मिळाली मे २०१८ मध्ये.

झोन वेगळा, आरक्षण वेगळं

इथे बहुतेकांची गल्लत होते.

झोन म्हणजे त्या भागात कोणत्या प्रकारचा वापर चालेल, याची ढोबळ वाटणी. नकाशावर सहसा रहिवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा आणि शेती हिरवी दिसते. जमीन तुमच्याच नावावर राहते, फक्त तिचा वापर ठरतो.

आरक्षण म्हणजे ठरावीक जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं. शाळा, बाग, दवाखाना, मंडई, स्मशानभूमी, डीपी रस्ता. ही जागा आज खासगी असली तरी पुढे प्राधिकरण ती ताब्यात घेईल, असं आराखडा सांगतो. मोबदला रोख पैशात मिळू शकतो किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या स्वरूपात.

पुण्यातलं टेकड्यांचं प्रकरण हे याचं ठळक उदाहरण. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली. त्यांच्या हद्दीतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जागेत 'जैवविविधता उद्यान' म्हणजे बीडीपीचं आरक्षण टाकलं गेलं. २०१५ मध्ये सरकारने ते कायम केलं. टेकड्या वाचाव्यात म्हणून वर्षानुवर्षं धडपडणाऱ्यांसाठी हा मोठा विजय होता. पण त्याच टेकड्यांवर खासगी जमिनी असलेल्यांना मोबदला म्हणून फक्त ८ टक्के टीडीआर देऊ केला गेला, आणि तो त्यांना अजिबात पटला नाही. एका बाजूला शहराची हवा आणि पाणी, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी आजोबांची जमीन. प्रत्येक आरक्षणात हा ताण असतो.

३० दिवसांची खिडकी

प्रारूप आराखडा तयार झाला की राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत नोटीस देऊन लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. सध्या ही मुदत साधारण ३० दिवसांची असते. कधी कधी ती वाढवलीही जाते, त्यामुळे नोटिशीतली तारीख नीट वाचावी.

हरकत घेण्यासाठी जमीनमालक असणं गरजेचं नाही. भाडेकरू, शेजारी, रोज त्या मैदानावर मुलांना खेळायला नेणारे पालक, कुणीही लेखी म्हणणं देऊ शकतं.

त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे सदस्य आणि बाहेरून नेमलेले जाणकार असतात. समितीचा अहवाल आल्यावर आराखड्यात बदल होतात आणि तो राज्य सरकारकडे जातो. अंतिम मंजुरी सरकारच देतं. सरकारला मोठे बदल करायचे असतील, तर तेवढ्या भागासाठी पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

हा प्रवास किती लांबू शकतो? पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर ८७ हजारांहून अधिक हरकती आल्या. पुढे महापालिकेत घोळ इतका वाढला की २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आपल्याकडे घेऊन तीन सदस्यांच्या समितीकडे सोपवला. मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. आराखडा मात्र २००७ ते २०२७ या काळासाठी होता. म्हणजे निम्मी मुदत मंजुरीआधीच निघून गेली!

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. अंतिम मंजुरी येईपर्यंत प्रारूप आराखडा नुसता कागद असतो, असं समजू नका. बांधकाम परवानगीचा अर्ज तपासताना प्राधिकरणाला प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडाही विचारात घ्यावा लागतो. त्यामुळे परिणाम पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो.

मंजूर आराखडाही बदलतो, तो कसा?

एकदा मंजूर झाला म्हणजे आराखडा दगडावरची रेघ झाला, असं नाही. एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ खाली त्यात फेरबदल करता येतो. अट एवढीच की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. यासाठीही नोटीस काढून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात.

अडचण अशी, की संपूर्ण शहराच्या आराखड्याची बातमी होते, कलम ३७ च्या नोटिशीची होत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात, 'सर्व्हे नंबर अमुक येथील बगीचाचे आरक्षण वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे' अशी दोन इंचांची जाहिरात येते. महिना उलटतो. मग एक दिवस मैदानाभोवती पत्रे ठोकलेले दिसतात आणि लोक विचारतात, हे कधी झालं?

अशा बदलाला न्यायालयात आव्हान देता येतं. बेंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मोकळी जागा हा रहिवाशांच्या हिताचा प्रश्न आहे आणि ते दाद मागू शकतात, हे या निकालाने ठामपणे सांगितलं.

गोव्यात काय घडलं?

झोनबदलावरून सगळ्यात जास्त रण पेटलंय ते शेजारच्या गोव्यात. तिथे 'प्रादेशिक आराखडा २०११' विरोधात लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर 'प्रादेशिक आराखडा २०२१' आला.

२०२३ मध्ये गोवा सरकारने नगरनियोजन कायद्यात कलम १७ (२) घातलं. आराखड्यातल्या चुका आणि विसंगती दुरुस्त करणं, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. एकेका जमिनीचा झोन त्याखाली बदलू लागला, तेव्हा 'चूक' कशाला म्हणायचं असा प्रश्न उभा राहिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं. मार्च २०२५ मध्ये खंडपीठाने या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या आणि कलमाचा अर्थही मर्यादित केला. दरम्यान २०२४ मध्ये झोनबदलासाठीच ३९-अ हे आणखी एक कलम आलं होतं, त्यावरूनही वाद पेटला.

लहान राज्य, मर्यादित जमीन आणि बाहेरून येणारा पैसा, यामुळे गोव्यात प्रत्येक तुकड्याचा रंग हा राजकीय प्रश्न झालाय.

आरक्षण पडलं आणि वर्षानुवर्षं काहीच झालं नाही तर?

हे महाराष्ट्रातल्या हजारो कुटुंबांचं दुखणं आहे. जागेवर शाळेचं आरक्षण पडतं. शाळा होत नाही, मोबदला मिळत नाही, घर बांधता येत नाही आणि जमीन विकायला गेलं तर गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

यासाठी कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येतं. मग आजूबाजूच्या जमिनीला जो वापर लागू आहे, तो या जागेलाही मिळतो.

'पावलं' म्हणजे नेमकं काय, यावरूनही लढाई झाली. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसता प्रस्ताव किंवा पत्र पाठवणं पुरेसं नाही, संपादनाच्या दिशेने खरी कार्यवाही दिसली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्मिती डेव्हलपर्स प्रकरणातही, जमीन तीन दशकांहून अधिक काळ अडकवून ठेवण्यावर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. मालक सुटतो, तेव्हा त्या वस्तीची शाळा किंवा बाग कायमची जाते. महापालिकेने वेळेत पैसे ठेवले नाहीत, याची किंमत शेवटी तिथली मुलं मोजतात.

प्लॉट घेताय? मग हे तपासाच

'आता हिरव्या पट्ट्यात आहे, पण दोन वर्षांत पिवळा होणार.' शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणाऱ्या एजंटांचं हे ठरलेलं वाक्य. झोन बदलेलच याची हमी कुणीही देऊ शकत नाही. शेती झोनमध्ये फार्महाऊस बांधायचं म्हटलं तरी राज्यातल्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे जमीन लागते. म्हणून इसार देण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

• झोन दाखला आणि भाग नकाशा: महापालिका, प्राधिकरण किंवा नगररचना कार्यालयात गट नंबर देऊन अर्ज केला की मिळतो. झोन, आरक्षण, प्रस्तावित रस्ता, सगळं त्यात कळतं. एजंटने मोबाईलवर दाखवलेला नकाशा पुरावा नसतो.

• सातबारा आणि फेरफार: नाव कुणाचं, इतर हक्कात काय लिहिलंय, कर्जाचा बोजा आहे का, ते बघा. सातबाऱ्यावर आरक्षणाची नोंद दिसेलच असं नाही, म्हणून झोन दाखला वेगळा काढावा लागतो.

• मंजूर नकाशे आणि बांधकाम परवानगी: फ्लॅट असेल तर नकाशा, परवानगी आणि महारेरा नोंदणी तपासा. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा.

स्वतः बांधणार असाल तर लक्षात ठेवा, परवानगीच्या अर्जावर प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवायला हवा. परवानगी नाकारली तर ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

हरकत लिहायची कशी?

'आमच्यावर अन्याय झाला, आरक्षण रद्द करा' एवढंच लिहिलेल्या हरकतीचा फारसा उपयोग होत नाही. सुनावणीत समितीसमोर शेकडो फायली असतात. त्यामुळे नेमकं लिहा.

• गट, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि आराखड्यातला आरक्षण क्रमांक पहिल्याच ओळीत टाका.

• जागेवर आज काय आहे, याचे पुरावे जोडा: फोटो, मोजणी नकाशा, जुनी परवानगी, कर पावती.

• पर्याय सुचवा. जवळ सरकारी जागा आहे का? रस्ता दोन्ही बाजूंना समान रुंद करता येईल का?

• चांगल्या आरक्षणाच्या बाजूनेही लिहा. 'ही बाग राहू द्या' असं कुणीच लिहिलं नाही, तर नोंदीत फक्त ती काढा म्हणणारे राहतात.

• पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.

शंभर जणांनी एकच छापील मजकूर देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या जागेची नेमकी अडचण मांडलेली बरी. स्क्रीनशॉट फॉरवर्ड करायला हरकत नाही, पण त्याची नोंद कुठल्याच फायलीत होत नाही. नोंद होते ती मुदतीच्या आत, सहीनिशी, नियोजन कार्यालयात दिलेल्या अर्जाची. आपल्या शहराचा किंवा तालुक्याचा आराखडा सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे तिथे जाऊन विचारण्यासाठी एक दुपार पुरते.