अजिंठ्यातील इराणी पाहुणे व अवेस्ता भाषा

अजिंठ्यास विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या शिक्षकांस पहिल्या लेण्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. छतावर टोकदार टोप्या व पायमोजे घालून पेयपान करीत बसलेले हे दाढीवाले पुरुष कोण? भिंतीवरील दरबारातही असेच परदेशी लोक नजराणे घेऊन आलेले दिसतात. इराणच्या खुश्रू राजाचा वकील दुसऱ्या पुलकेशीकडे आला त्याचे हे चित्र, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे मत जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली मांडले. आता ते मागे पडले आहे. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचे, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुलकेशी सातव्या शतकातला. सबब मुलांस पुलकेशीचे नाव सांगू नये. वेश मात्र इराणी धाटणीचा आहे, एवढे निश्चित.

त्या काळी इराणात सासानी घराण्याचे राज्य होते (इ. स. २२४ ते ६५१) आणि झरथुष्ट्राने उपदेशिलेला धर्म हा तेथील राजधर्म होता. अहुर मज्द हा त्यातील परमेश्वर. सत्य व असत्य यांच्या झगड्यात माणसाने स्वतः बाजू निवडावयाची आणि सद्विचार, सद्वचन व सत्कृत्य यांनी ती राखावयाची, हे त्याचे सार. पारशी लोक अग्नीस पूजितात, असे पुष्कळदा एका वाक्यात सांगून टाकतात. अग्नी हे ईश्वरी प्रकाशाचे व सत्याचे प्रतीक होय, हेही सोबत सांगावे. सासानी राज्य लयास गेल्यावर या धर्माचे काही अनुयायी गुजरातच्या किनाऱ्यावर संजाण येथे उतरले. त्यांचा इराणशाह हा पवित्र अग्नी १७४२ पासून उदवाडा येथे आहे.

या धर्माची पवित्र भाषा अवेस्ता. ती वैदिक संस्कृतची सख्खी बहीण शोभावी. संस्कृतातील ‘स’च्या जागी तेथे पुष्कळदा ‘ह’ येतो: सोम–हओम, असुर–अहुर, सप्त–हप्त. (गंमत अशी की, तेथे ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती!) याचा पुरावा वर्गातच सापडेल. ‘सप्ताह’ संस्कृतातून आला व ‘हप्ता’ फारसीतून. दोहोंच्या मुळाशी सात हीच संख्या. ‘मास’ आणि ‘दरमहा’तील ‘महा’ यांचेही तसेच. मात्र ‘दहा’स या यादीत घालू नये; तो ‘दश’पासून प्राकृतातून आपला आपणच झाला आहे.

झरथुष्ट्राच्या सतरा गाथा वेदांप्रमाणेच दीर्घकाळ मुखोद्गत होत्या. पुढे सासानी काळात, उच्चार बिघडू नयेत म्हणून, पन्नासाहून अधिक अक्षरांची स्वतंत्र लिपी रचण्यात आली. ती उजवीकडून डावीकडे लिहितात.